कार्बोनिक अनहायड्रेज ९ साठीचे प्रतिपिंड मूत्रपिंडातील निरोगी नलिकाही रंगवते. दोष कुठे शोधावा?

प्रश्न – दांडियाबाजारकर
नमस्कार. मी बडोद्यात जीवरसायनशास्त्रात संशोधन करते. कार्बोनिक अनहायड्रेज ९ हे एन्झाइम निरोगी मूत्रपिंडात आढळत नाही; क्लिअर सेल प्रकारच्या कर्करोगात मात्र व्हीएचएल जनुक निकामी झाल्यामुळे एचआयएफ हे, एरवी ऑक्सिजन कमी पडल्यावर वाढणारे, प्रथिन साचत जाते आणि त्याच्या प्रभावाने हे एन्झाइम पेशीपटलावर विपुल प्रमाणात दिसू लागते. ऊतींच्या कापांवर ते ओळखता यावे म्हणून त्याचा उत्प्रेरक भाग सशांना टोचून आम्ही प्रतिपिंडे तयार केली. कर्करोगपेशींच्या अर्काच्या वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिने आकारानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्याच्या चाचणीत, ५४ आणि ५८ किलोडाल्टनच्या अपेक्षित पट्ट्या मिळाल्या. परंतु पॅराफिनच्या कापांवर गाठीशेजारच्या निरोगी नलिकाही तपकिरी होतात. रंगासाठी आम्ही बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिन पद्धत वापरतो; तीत प्रतिपिंडावरील बायोटिन या जीवनसत्त्वाला स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन चिकटते आणि तिथे रंग उमटतो.

उत्तर – कापआणिकाच
मी विकृतिशास्त्रात काम करतो. रंग पेशीत नेमका कुठे आहे, हे आधी पाहावे. खरा रंग पटलावर, पेशीची चौकट आखल्यासारखा दिसतो. नलिकांमध्ये तो पेशीद्रवात कणीदार असेल तर बायोटिनची शंका घ्यावी, कारण नलिकापेशींत मायटोकाँड्रिया भरपूर असतात, त्यांत मुळातच बायोटिन असते आणि काप उकळून प्रतिजन मोकळे करताना तेही उघडे पडते. एक काप मुख्य प्रतिपिंड न लावता रंगवा. तो तपकिरी झाला, तर बायोटिन नसलेली पॉलिमर पद्धत स्वीकारणे उत्तम. जठराचे निरोगी श्लेष्मपटल प्रत्येक वेळी सोबत ठेवा. तिथे हे एन्झाइम स्वाभाविकपणेच असते.

उत्तर – सशाचेसीरम
मला प्रतिजनाची निवडच अधिक खटकते. उत्प्रेरक भाग या कुळातील सर्व भावंडांत बराच सारखा असतो, आणि मूत्रपिंडात दोन व बारा क्रमांकाची एन्झाइमे निरोगी अवस्थेतही असतात. केवळ कर्करोगपेशींच्या अर्कावरील ब्लॉट पाहून प्रतिपिंडावर विश्वास ठेवू नये. ज्या ऊतीत ते लागायला नको, तिचा अर्कही शेजारी चालवावा. निरोगी मूत्रपिंडाच्या अर्कात २९ किलोडाल्टनजवळ पट्टी आली, तर प्रतिपिंड दोन क्रमांकालाही चिकटते, असा दाट संशय घ्यावा.

दांडियाबाजारकर
आपणा दोघांचेही मनापासून आभार. दोन्ही चाचण्या केल्या. मुख्य प्रतिपिंडाविना कापावर फिकट कणीदार रंग राहिला, आणि २९ जवळची पट्टीही स्पष्ट आली. आता हे सीरम वाचवता येईल का?

सशाचेसीरम
काही अंशी येईल. दोन आणि बारा क्रमांकाची शुद्ध प्रथिने बसवलेल्या स्तंभांतून सीरम गाळले, तर त्यांना चिकटणारी प्रतिपिंडे मागे राहतील. मात्र उरलेल्यांचे बळ पुन्हा मोजावे लागेल. नव्याने सुरुवात करायची झाल्यास नऊ क्रमांकाच्या अमिनो टोकाकडील प्रोटिओग्लायकनसदृश भाग घ्यावा, कारण तो या भावंडांत नाही. एम७५ हे सुप्रसिद्ध एकपेशीवंशीय (मोनोक्लोनल) प्रतिपिंड त्याच भागाला ओळखते.

कापआणिकाच
आणखी एक सूचना. ऑक्सिजन कमी पडला की इतर गाठींतही, विशेषतः मृत भागाच्या कडेला, हे एन्झाइम वाढते. त्यामुळे निर्दोष प्रतिपिंडाचा रंगही एकट्याने निदान ठरवत नाही. तो किती पसरला आहे आणि पटलाच्या कोणत्या बाजूंवर आहे, याची नोंद प्रत्येक कापासोबत ठेवावी.