दोन टीके-7 आणि आयजीएसएन: नागपुरात कोणी नंबर घेतलाय का?

बेसाल्टवाला_नागपूर
लाव्हाच्या थरांवर पीएच.डी. सुरू आहे. तीन उन्हाळे खदानी पालथ्या घालून 214 दगड गोळा केले. परवा कपाट उघडलं तर टीके-7 नंबरचे दगड दोन! मी 'टीके' धरलं टाकळघाट गावाचं, माझ्या आधीच्या विद्यार्थ्यानं टाकळीचं. दोन्ही काळे, दोन्हीत झिओलाइट या पांढऱ्या खनिजाच्या गाठी. मार्करची शाई मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये उडून गेली, उरला फक्त 7. आणि एका सातचं रासायनिक विश्लेषण होऊन आलंय, कोणत्या ते देव जाणे. प्रयोगशाळेकडे उरलेली पूड मागितली, तर फेकून दिली म्हणे.

सर म्हणतात, आयजीएसएन घेऊन टाक, म्हणजे प्रत्येक नमुन्याला जगात एकच असा कायमचा ओळख-नंबर. पैसे लागतात का? आपली संस्था त्यांची सदस्य नसेल तर? आणि दगड आधीच कापून झाला असेल तर नंबर कोणाला द्यायचा?

पातळछेद
उलट्या क्रमानं सांगतो. नंबर मूळ दगडाला, आणि त्यातून निघालेल्या प्रत्येक स्लाइडला (काचेवरचा दगडाचा पातळ काप), पुडीला वेगळा. नोंदीत मूळ नमुन्याचा नंबर लिहायची जागा असते, म्हणजे कोण कोणाचं पिल्लू ते कळतं. दगड दळून संपला तरी नंबर दुसऱ्याला जात नाही, नोंद तशीच राहते.

आयजीएसएनची संस्था 2011 ची, तेव्हा ती फक्त भूविज्ञानापुरती होती. 2021 मध्ये डीओआय (शोधनिबंधांना असतो तसा कायमचा डिजिटल नंबर) देणाऱ्या डेटासाइट संस्थेशी करार झाला, त्यानंतर नंबर म्हणजे डीओआयच झाला आणि नावातला 'जिओ' जाऊन 'जेनेरिक' आला. माती, पाणी, झाडाची पानं, सगळं चालतं. संस्था सदस्य नसली तरी एकटा संशोधक अमेरिकेतल्या सेसार या नमुना-नोंदणीच्या साइटवर खातं उघडून नोंद करू शकतो, फी नाही. एक्सेलचा तक्ता भरून चढव, 214 एकेक टाइप करत बसू नको.

जुना_हातोडा
अरे बाप्पा, कंप्युटरवर नंबर कायमचा, अन् दगडावर काहून नाही? आम्ही पांढऱ्या ऑइलपेंटचा रुपयाएवढा टिपका लावत होतो, ताज्या फुटलेल्या बाजूवर नाही, जुन्या सालीवर. रात्रभर वाळला की चायना इंकनं नंबर, वरून वार्निशचा एक हात. चाळीस वर्षांचे दगड अजून वाचता येतात. स्लाइडवर हिऱ्याच्या पेन्सिलनं कोरायचं, कागदाची चिठ्ठी झुरळं खातात.

टाकळीचं म्हणशील तर नागपुरातले मिशनरी हिस्लॉप साहेबानं तिथले जीवाश्म गोळा केले, 1855 ला सोबती हंटरबरोबर लंडनच्या भूवैज्ञानिक नियतकालिकात लेख छापला. तो गेलाही टाकळघाटजवळच, 1863 ला, पाण्यात बुडून. तेव्हा गावाचं नाव सांगितलं की पुरत होतं. आता टाकळी शहरात आली, 'टाकळी' म्हणजे नेमकी कुठली सांग पाहू! जीपीएसचे आकडे अन् कोणता थर, हे नोंदीत लिहिलंच पाहिजे. कॅमेरा काढून दगड फोडायच्या आधी फोटोही घे.

पाण्याचीबाटली
आम्ही विहिरींचं पाणी तपासतो, बाटली दोन महिन्यांत रिकामी. आम्ही तर फील्डवर निघायच्या आधीच नंबर छापलेली लेबलं नेतो, नंतर फक्त जागा नि वेळ भरायची. तुमच्यासारखं घरी येऊन नाव ठेवलं की गोंधळ होणारच.

बेसाल्टवाला_नागपूर
आभार सगळ्यांचे. हातोडा काका, ऑइलपेंट आणला, गच्चीवर 60 दगड वाळत आहेत, आई कपडे कुठे वाळवू म्हणून ओरडून राहिली. 40 ची नोंद झाली. दोन्ही टीके-7 ना वेगळे नंबर घेतले, विश्लेषण कोणालाच जोडलं नाही. शनिवारी टाकळघाटला नवा तुकडा काढायला गेलो. खदान तीसेक मीटर मागे सरकलीय. जीपीएस जिथं दाखवतं तिथं आता खड्ड्यात पाणी साचलंय, माझा थर गिट्टी होऊन कुठल्या रस्त्यात गेला कोणाला ठाऊक. नोंदीत 'पुन्हा घेणं शक्य नाही' असं लिहून आलो.