मदत हवी आहे: लिंकनच्या सनदेचं साल? (अर्जंट)

काळाकोट: लोकहो, अब्राहम लिंकनला वकिलीची सनद मिळाली ते साल 1836 का 1837? दोन्ही सापडतायत. आमदारकीचाही घोळ, कुठे 1834 कुठे 1854. लिंका देऊ नका, वाचत बसायला वेळ नाहीये.

खवचट_काका: कशासाठी हवंय? आणि आमदार का खासदार? वॉशिंग्टनला तो 1847 ते 1849 होता, एकच टर्म.

काळाकोट: आमदारच हो, इलिनॉयचा. कोर्टातल्या स्मरणिकेला लेख द्यायचाय, रात्री छापायला जातेय.

शेवंता: त्याचं हेडमास्तरांना पत्र घाला ना, आमच्या शाळेत भिंतीवर होतं, अजून पाठ आहे.

खवचट_काका: ते त्याने लिहिल्याचा पुरावा नाही. वकिलांच्या अंकात तरी बिनपुराव्याचं नको.

मक्याचं_शेत: दोन्ही सालं बरोबर. लायसन्स 9 सप्टेंबर 1836 चं, पण इलिनॉयच्या सुप्रीम कोर्टाच्या क्लार्कने रोलवर (वकिलांच्या यादीत) नाव चढवलं 1 मार्च 1837 ला. म्हणजे गडी आधी आमदार मग वकील! 1832 ला पडला, 1834 ला आला आणि मग लागोपाठ चार टर्म. कॉलेज वगैरे काही नाही, जॉन स्टुअर्ट म्हणून बरोबरचा आमदार होता त्याची कायद्याची पुस्तकं आणून वाचली आणि 1837 ला स्प्रिंगफिल्डला त्याच्याच ऑफिसात पार्टनर झाला. 1854 ला परत निवडून आला पण सेनेटला उभं राहायचं होतं म्हणून सीट सोडली.

भटकभवानी: आम्ही मागे वँडेलियाला गेलेलो, इलिनॉयची जुनी राजधानी, पांढरी दुमजली विधानसभा अजून उभी आहे. लिंकन आणि अजून आठ उंच आमदारांनी राजधानी तिथून स्प्रिंगफिल्डला पळवली. पार्किंग भरपूर आहे.

काळाकोट: पार्किंग नकोय मला 😄 शीर्षक 'गुलामांचा वकील' ठेवलंय, चालेल?

मक्याचं_शेत: अजिबात नाही. 1847 च्या मॅटसन केसमध्ये तो गुलामांच्या मालकाकडून उभा होता. हरला, ते बरं झालं.

खवचट_काका: मग काय झालं? वकील पक्षकाराचा असतो. उद्या माझं वकीलपत्र घेतलं म्हणून तुम्ही मला चारित्र्याचा दाखला देणार का?

मक्याचं_शेत: काका, गुलाम कुटुंब इलिनॉयमध्ये राबवून परत गुलामगिरीवाल्या केंटकीला न्यायचं होतं त्या मालकाला. आई आणि चार लेकरं. यात पक्षकार पक्षकार काय लावलंय?

खवचट_काका: आणि 3 मार्च 1837 चं विसरलात? विधानसभेत जवळपास सगळे उलट्या बाजूला असताना, गुलामगिरी अन्यायावर उभी आहे असा निषेध नोंदवला, त्याने आणि डॅन स्टोनने, दोघांनीच. रोलवर नाव चढून दोन दिवस झाले होते.

मक्याचं_शेत: त्याच निषेधात गुलामगिरीविरोधी प्रचाराने दुखणं वाढतं असंही आहे. पूर्ण वाचा.

शेवंता: तो खिडकीतून पण पळालेला ना?

भटकभवानी: हो, डिसेंबर 1840, कोरम (गणसंख्या) मोडायला. सभा तेव्हा चर्चमध्ये भरायची. पण याची हजेरी आधीच लागलेली, उडी फुकट गेली.

काळाकोट: हे झकास, यावरच लेख सुरू करतो. शीर्षक बदललं. बरं मग सनद 1836 टाकू का 1837?

खवचट_काका: वर वाचा हो वकीलसाहेब.