मदत हवी आहे: लेकीचा फॅफ्सा व्हेरिफिकेशनला निघालाय आणि पुण्याचा फ्लॅट दाखवायचा राहून गेलाय

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत असतो, मोठी लेक यंदा कॉलेजला जाणार, घरात याआधी हे कुणीच केलेलं नाही. मंगळवारी तिच्या कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसचा मेल आला, २०२५-२६ चा फॅफ्सा, म्हणजे शिक्षणाच्या आर्थिक मदतीचा सरकारी अर्ज, व्हेरिफिकेशनसाठी (कागद तपासणीसाठी) निवडला गेलाय, गट व्ही-वन (नेहमीची तपासणी), कागद पूर्ण होईपर्यंत एड सुटणार नाही. तिने वाचला आणि "आई, आपलं काही चुकलंय का गं?" एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. रात्री सगळे झोपल्यावर फाईल काढून बसले तर खरंच चुकलेलं निघालं, म्हणून हा धागा.

२०२३ मध्ये ह्यांची नोकरी गेली तेव्हा जुन्या कंपनीतला ४०१-के, म्हणजे निवृत्तीचा फंड, आम्ही थेट आयआरएमध्ये (स्वतःच्या निवृत्ती खात्यात) वळवला, ६१,००० डॉलर. हातात छदाम आला नाही, टॅक्सही लागला नाही. १०४० वर, म्हणजे टॅक्स रिटर्नच्या मुख्य फॉर्मवर, ५ए ओळीत ६१,०००, ५बी मध्ये शून्य आणि शेजारी रोलओव्हर हा शब्द, सगळं नीट आहे. फॅफ्सात आयआरएसकडची (टॅक्स खात्याकडची) माहिती आपोआप आली, पण रोलओव्हर किती असा एक वेगळा प्रश्न होता आणि तिथे मी शून्य टाकलं, कारण टॅक्स शून्य म्हणजे हेही शून्य असं डोक्यात बसलेलं. एसएआय, म्हणजे घरच्यांना किती झेपेल त्याचा आकडा (जितका जास्त तितकी मदत कमी), ३० हजाराच्या वर आला. ह्यांचा पगार आता आधीच्या जेमतेम निम्मा आहे, आम्ही दोघं आकडा बघून गप्प झालो, आपल्यासारख्यांना असंच येत असेल म्हणून सोडून दिलं.

दुसरं, सासूबाई मार्च २०२४ पासून आमच्याकडे आहेत, ग्रीन कार्डवर, खर्च सगळा आमचाच. २०२३ च्या रिटर्नवर आम्ही चौघं, फॅफ्सात मी पाच लिहिले. आता त्याला पुरावा काय द्यायचा?

तिसऱ्यानं माझी झोप उडालीये. पुण्यात सिंहगड रोडला ह्यांच्या नावावर वन बीएचके आहे, १४ हजार रुपये भाडं येतं, ते दरवर्षी रिटर्नच्या शेड्यूल ई वर (भाड्याच्या उत्पन्नाच्या पानावर) दाखवतो. पण फॅफ्सात इन्व्हेस्टमेंट शून्य लिहिली गेलीये. राहतं घर धरायचं नाही असं वाचलं होतं, मी घर हा शब्द वाचला आणि पुढे गेले. आता कॉलेजने रिटर्न मागितलाय तो सगळ्या शेड्यूलसकट.

ओळखीतल्या एकांनी सांगितलं शेड्यूल ई जोडूच नका, कुणी बघत नाही. मला ते करायचं नाहीये, त्या फॉर्मवर माझ्या सहीसोबत लेकीचीही सही आहे. पण ऑफिसात नक्की काय ताडून बघतात? मीच आधी फॉर्म दुरुस्त करू की त्यांना कळवू? लबाडी केली असं तर नाही ना धरणार? फीची तारीख तीन आठवड्यांवर आहे, कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

*

प्रतिसाद १

ताई, मी दुसऱ्या राज्यातल्या एका कॉलेजच्या एड ऑफिसमध्ये नऊ वर्षं हेच काम करतो. आधी लेकीला सांगा, निवड होणं म्हणजे आरोप नाही. शिक्षण खात्याची सिस्टीम अर्ज निवडते, कधी आकडे जुळत नाहीत म्हणून, कधी काहीही कारण नसताना. आम्हीही निवडू शकतो.

माझ्या टेबलावर दोन स्क्रीन असतात, डावीकडे तुमचा फॅफ्सा, उजवीकडे तुमचे कागद. आयआरएसकडून थेट आलेले आणि कुणी हात न लावलेले आकडे, म्हणजे एजीआय (टॅक्ससाठी धरलेलं एकूण उत्पन्न), भरलेला टॅक्स वगैरे, आम्ही तपासलेलेच धरतो. बघायचं असतं ते हाताने भरलेलं. रोलओव्हरसाठी १०९९-आर (निवृत्ती फंडातून पैसे निघाल्याचा फॉर्म) काढा, ७ नंबरच्या चौकटीत जी अक्षर असेल तर तो थेट रोलओव्हर. तो कागद, रिटर्नचं पान आणि चार ओळींचं सही केलेलं पत्र, एवढं द्या. तुमचा एसएआय फुगलाय तो बहुतेक ह्या एका शून्यामुळे, कारण सिस्टीमने ६१,००० तुमचं बिनटॅक्सचं उत्पन्न धरलंय! असं दरवर्षी बघतो आणि वाईट वाटतं, अर्धे पालक विचारायलाच येत नाहीत.

सासूबाईंसाठी सहसा वर्कशीटवर नाव, वय, नातं आणि सही पुरते. अट अशी की १ जुलै २०२५ ते ३० जून २०२६ त्या तुमच्याकडे राहणार आणि त्यांचा निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही करणार. जुन्या रिटर्नवर त्या नाहीत ह्याने बिघडत नाही.

आता फ्लॅट. व्ही-वनच्या यादीत मालमत्ता येतच नाही. पण फॉर्मशी न जुळणारा कागद समोर आला की तो गुंता सोडवल्याशिवाय आम्हाला पैसे देता येत नाहीत, तसा नियमच आहे, डोळेझाक करता येत नाही. आणि शेड्यूल ई लपवून तरी काय होणार, भाड्याचा आकडा शेड्यूल १ च्या ५ व्या ओळीत असतोच. फ्लॅटची किंमत फॉर्मवर सही केली त्या दिवशीची धरा, त्या दिवशीच्या डॉलरच्या भावाने, कर्ज असेल तर वजा करून. आजची नाही. आणि अख्खी किंमत उत्पन्नात धरत नाहीत. आईवडिलांच्या मालमत्तेचे आधी १२ टक्के धरतात आणि मग त्यावर २२ ते ४७ टक्क्यांचा टप्पा लागतो.

खोटे कागद किंवा मुद्दाम केलेली फसवणूक दिसली तर आम्हाला शिक्षण खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलकडे कळवावं लागतं. स्वतःहून चूक सांगणाऱ्याचा फॉर्म आम्ही फक्त दुरुस्त करतो. पण तुम्ही परस्पर बदल करू नका, तुमची दुरुस्ती आणि कॉलेजची दुरुस्ती एकमेकींवर आदळल्या की दोन आठवडे जातात. एकाच मेलमध्ये तिन्ही गोष्टी लिहा आणि दुरुस्ती कोण करणार ते विचारा, फीला मुदतही तिथेच मागा. पहिल्या वर्षाचं सरकारी लोन ५,५०० पर्यंत मिळतं, त्यातलं सबसिडाइज्ड (शिकत असताना व्याज सरकार भरतं ते) जास्तीत जास्त ३,५००. सबसिडाइज्डला पात्र असलेल्या मुलांना फक्त अनसबसिडाइज्ड घेऊन व्हेरिफिकेशन टाळता येत नाही, म्हणून कागद लवकर द्या.

*

धागाकर्ती

दादा, तुमचे उपकार कसे फेडू. १०९९-आर सापडला, जी अक्षरच आहे. रात्रीच मेल लिहिला, फ्लॅटचं पहिल्याच ओळीत.

*

धागाकर्ती (अकरा दिवसांनी)

कॉलेजनेच दुरुस्ती केली. फ्लॅटबद्दल फोन आला, बाईंनी फक्त किंमत कशी काढली ते विचारलं, मी सोसायटीतल्या विक्रीचे आकडे पाठवले होते ते चालले. फ्लॅट आणि सासूबाई दोन्ही धरून एसएआय ८ हजारांच्या आत आलाय. सबसिडाइज्ड लोन आणि कॉलेजची थोडी ग्रँट बसली, फीला पंधरा दिवस वाढवून मिळाले. लेकीला तिच्या त्या प्रश्नाचं खरं उत्तरही दिलं. पण राज्याच्या टॅग ग्रँटचं अजून काही हललेलं नाही, ते कॉलेजच करतं ना?

*

प्रतिसाद २

नाही हो ताई. टॅग हेसा, म्हणजे न्यू जर्सीची विद्यार्थी मदत संस्था, बघतं आणि त्यांचं व्हेरिफिकेशन वेगळं असतं, कॉलेजला दिलेले कागद तिथे आपोआप जात नाहीत. आमचा मुलगा गेल्या वर्षी इथेच अडकला होता. लेकीच्या एनजेफॅम्स खात्यात (हेसाच्या वेबसाइटवरच्या) टू-डू लिस्ट असते, आजच्या आज बघा.

*

धागाकर्ती

बघितलं, २०२३ चा रिटर्न आणि घरातल्या माणसांचा तक्ता मागितलेला होता, कधीचा. आत्ता दोन्ही अपलोड केलं, लेक शेजारी बसून एकेक ओळ मोठ्याने वाचत होती.