ईसीजीत लीड १ आणि २ मध्येच ५० हर्ट्झचा गोंगाट: बोर्ड मागवावा का?

तारयंत्र:
१२ लीडचं (हृदयाच्या विजेच्या बारा रेषा काढणारं) ईसीजी मशीन आहे. लीड १, २ आणि एव्हीआरमध्ये (उजव्या हाताची लीड) रेषा जाड, केसाळ येते, म्हणजे वीजपुरवठ्याचा ५० हर्ट्झचा गोंगाट. लीड ३ मात्र एकदम स्वच्छ. छातीच्या लीडमध्ये थोडा गोंगाट आहे. एसी फिल्टर (हाच ५० हर्ट्झ गाळणारा) लावला की कमी होतो, पण जात नाही. इलेक्ट्रोड बदलून झाले. वॉर्डातले म्हणतात मशीनच गेलं. ॲम्प्लिफायर बोर्ड मागवू का?

लीडवायर:
थांबा, उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. लीड १ म्हणजे डावा हात वजा उजवा हात, २ म्हणजे डावा पाय वजा उजवा हात, ३ म्हणजे डावा पाय वजा डावा हात. तिसऱ्यात उजवा हात येतच नाही, आणि नेमकी तीच स्वच्छ आहे. म्हणजे दोष उजव्या हाताच्या वायरीत किंवा तिथल्या संपर्कात (वायरींच्या रंगांच्या दोन पद्धती आहेत: आयईसीत ती लाल, एएचएत पांढरी). छातीच्या लीडचा संदर्भबिंदू दोन हात आणि डावा पाय यांच्या सरासरीचा असतो, म्हणून तिथे एक तृतीयांश गोंगाट उतरतो. एव्हीएल (डावा हात), एव्हीएफमध्ये (डावा पाय) निम्मा दिसायला हवा, पट्टीवर बघा. १ आणि ३ खराब असत्या तर डावा हात, २ आणि ३ असत्या तर डावा पाय. सगळ्याच खराब असतील तर आधी उजव्या पायाची वायर आणि अर्थिंग.

ओहम_मीटर:
पेशंटवरच दोन्ही हातांच्या वायरी अदलाबदल करा. खराबी १ आणि २ मध्येच राहिली तर दोष वायरीत किंवा मशीनमध्ये. १ आणि ३ मध्ये गेली तर त्वचेच्या संपर्कात. ती पट्टी फाइलला लावू नका, लीड १ उलटी येते!

मग केबल मशीनमधून काढून प्रत्येक वायर पिनपासून टोकापर्यंत मोजा. डिफिब्रिलेटरच्या शॉकपासून संरक्षण म्हणून बऱ्याच केबलींत रेझिस्टर असतो, बहुधा १० किलोओहमचा. तो आकडा बघून चांगल्या केबली फेकल्या जातात. आकडा किती यापेक्षा बाकीच्या वायरींशी जुळतो का ते बघायचं. मोजताना वायर वाकवत राहा, विशेषतः क्लिपजवळ आणि जिथून वायरी फुटतात तिथे. गुंडाळताना पीळ तिथेच बसतो.

तारयंत्र:
अदलाबदलीनंतरही खराबी १ आणि २ मध्येच. लाल वायर क्लिपजवळ वाकवली की मीटर ओपन (आतून तुटलेली) दाखवतो. सोल्डर करून चालेल?

ओहम_मीटर:
नको. वरची शिल्ड (बाहेरचा गोंगाट अडवणारं धातूचं आवरण) नीट जुळत नाही, मग तिथूनच पुन्हा ५० हर्ट्झ शिरतो. सुटी निघणारी असेल तर तेवढी वायर बदला, नाहीतर पूर्ण केबल.

लीडवायर:
बदलल्यावर एसी आणि ४० हर्ट्झ असे दोन्ही फिल्टर बंद करून सिम्युलेटरवर (पेशंटऐवजी नकली ईसीजी सिग्नल देणारं यंत्र) पट्टी काढा. १० मिमी प्रति मिलिव्होल्टला १ मिलिव्होल्टचा पल्स बरोबर १० मिमी उंच हवा. फिल्टर लावून घेतलेली सुंदर पट्टी म्हणजे दुरुस्ती नव्हे. ४० हर्ट्झच्या फिल्टरने क्यूआरएसमधल्या (ठोक्याच्या उंच टोकदार भागातल्या) बारीक खाचा पुसल्या जातात, पेसमेकरचे स्पाइकही दबतात. वॉर्डात तो फिल्टर कायमचा चालू ठेवलेला असतो, त्यामुळे अशी तुटकी वायर बरेच दिवस कुणाच्या लक्षातच येत नाही.