टोमधलं (दुसऱ्या विमानामागे दोरीने ओढलेलं) ग्लायडर डावी-उजवीकडे झोके घेतंय, हुक कुठे लावावा?

रानवारा_जालना:
कॉलेजचा प्रोजेक्ट आहे. ३ किलोचं रेडिओ कंट्रोल ग्लायडर, ५ किलोचं टग (ओढणारं विमान), १० मीटर नायलॉन दोरी. हुक पोटाखाली, गुरुत्वमध्याजवळ. सेकंदाला १४ मीटरपर्यंत ठीक. १७ ला झोके वाढत जातात आणि दोरी ढिली-ताठ होऊन हिसके बसतात.

शेपटीपंख:
आधी हुक नाकाशी न्या. ओढ गुरुत्वमध्याच्या बरीच पुढून लागली तरच नाक ओळीत परत येतं. पोटाखालचा हुक विंचसाठी (जमिनीवरून दोरी गुंडाळून ओढणाऱ्या यंत्रासाठी) ठीक. टोमध्ये त्याने ग्लायडर एकदम वर चढतं, टगची शेपटी उचलते आणि टग नाक खाली घालून जमिनीकडे जातं. म्हणून रिलीज (दोरी सोडायची यंत्रणा) दोन्ही टोकांना हवाच.
दोरी २० ते २५ मीटर, विणलेली पॉलिएस्टर. नायलॉन स्प्रिंगसारखं ताणतं, हिसके त्याचेच. डायनिमा हा मजबूत धागा जवळपास ताणतच नाही, मग झटका थेट फ्रेमवर. मध्ये तंगूसचा (मासेमारीच्या दोऱ्याचा) वीक लिंक, म्हणजे मुद्दाम कमजोर ठेवलेला तुकडा, साधारण ५ किलोला तुटणारा. तंगूस गाठीशीच आधी तुटते, त्यामुळे गाठीसकट काट्यावर ओढून बघा.

लॉगर_लातूर:
१४ ला ‘ठीक’ हे डोळ्यांनी ठरवलंय ना? जायरो (वळण्याचा वेग मोजणारा सेन्सर) ५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५० वेळा, नोंदवा. वेग एकेक मीटरनेच वाढवा. सरळ टप्प्यात ग्लायडरच्या रडरला (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूला) अर्ध्या सेकंदाचा धक्का द्या आणि स्टिक मध्यावर सोडा. नोंदीत झोक्याचं एकाच बाजूचं पुढचं शिखर आधीच्याच्या निम्मं असेल तर डॅम्पिंग रेशो (झोके किती लवकर विरतात त्याचं माप) ०.११ येतो. ०.८ पट उरलं तर ०.०३५, तिथेच थांबा. एका उड्डाणात एकच बदल; हुक आणि दोरी एकदम बदलली तर गुण कशाचा, हे कळणार नाही.
नासाने २० डिसेंबर १९९७ ला सी-१४१ए या मालवाहू विमानामागे क्यूएफ-१०६ हे जेट ओढलं, तेव्हा दोरी सुमारे ३०० मीटर, व्हेक्ट्रान या मजबूत धाग्याची होती. तुमचे १० मीटर म्हणजे ग्लायडर टगच्या प्रोपेलरच्या झोतातच!

काळीमाती:
उन्हाळ्यात सकाळी ८ च्या आत उरका. काळं रान तापून थर्मल (गरम हवेचे वर चढणारे झोत) सुटले की नोंदीतला झोका हवेचा की मॉडेलचा, सांगता येत नाही. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर ग्रीन झोन (वेगळी परवानगी न लागणारा भाग) बघा. मान्यताप्राप्त संस्थेला संशोधनासाठी ड्रोन नोंदणी-परवान्यातून सूट आहे, पण ग्रीन झोनमध्ये, स्वतःच्या आवारात किंवा ताब्यातल्या मोकळ्या जागेतच.

रानवारा_जालना:
धन्यवाद सर. टगचा हुक सध्या शेपटीशी आहे, चालेल?

शेपटीपंख:
नाही. पाठीवर, पंखाच्या मागच्या कडेला लागून घ्या. शेपटीशी असला तर ग्लायडर बाजूला सरकताच टगचं रडर पुरं पडत नाही.