पेंट फवारायचं एअरलेस मशीन बंद केलं तरी प्रेशर आतच असतं
स्प्रे गन साफ करण्याबद्दल एकाने लिहिलंय की काम संपलं की बटन बंद करा, टिप (गनचं पुढचं तोंड) काढा आणि थिनरमध्ये टाका. कंप्रेसरवरच्या साध्या गनला एअर तोडून हे चालेल, पण एअरलेसला, म्हणजे हवेशिवाय पंपाने पेंटच जबर प्रेशरने फेकणाऱ्या मशीनला, अजिबात नको. मोटर बंद झाली तरी होजमध्ये प्रेशर अडकून राहतं, २०००-३००० पीएसआय सहज. त्यामुळे आधी ट्रिगर लॉक, मग मशीन बंद, प्लग काढा, प्रेशरचा नॉब एकदम कमी, प्राइम व्हॉल्व्ह (मशीनमधलं प्रेशर सोडायचा व्हॉल्व्ह) ड्रेनवर, मग लॉक काढून गन बादलीत धरून ट्रिगर दाबायचा, परत लॉक, आणि तेव्हा कुठे टिपला हात लावायचा. थिनरने फ्लश करताना बादली लोखंडी हवी, अर्थिंग केलेली, गन कडेला टेकवून, नाहीतर स्टॅटिकची ठिणगी पडते.

आणि एक गोष्ट त्यात लिहिलीच नाही. या प्रेशरने पेंट बोटात घुसला तर वर फक्त टाचणीएवढं भोक दिसतं, सुरुवातीला फार दुखतही नाही, म्हणून माणूस हळद लावून परत कामाला लागतो. आत मात्र पेंट पसरत जातो, उशीर झाला तर बोट कापायची वेळ येते. अशा वेळी टीटीचं इंजेक्शन घेऊन घरी नाही जायचं, थेट मोठ्या हॉस्पिटलात हाताच्या सर्जनकडे, आणि डब्याच्या लेबलचा फोटो सोबत न्या, आत काय गेलंय ते डॉक्टरांना कळायला हवं.