नववीच्या इंग्रजीच्या तासाला टास्क मराठीतच पार पडतो, मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला इंग्रजी शिकवतो. वर्गात ६२ मुले आहेत, तासिका ३५ मिनिटांची आहे आणि बाके इतकी दाटीने लावलेली आहेत की ती सरकवण्यातच पाच मिनिटे जातात. जूनपासून आठवड्यातील दोन तासिका मी टास्कवर आधारित अध्यापनासाठी, म्हणजे एखादे काम इंग्रजीत बोलून पार पाडताना मुलांनी भाषा शिकावी यासाठी, राखून ठेवल्या आहेत. मुलांना त्या आवडतात, शेजारच्या वर्गावरील शिक्षकांना गोंगाटामुळे आवडत नाहीत. पण माझी अडचण गोंगाटाची नाही, तो गोंगाट कोणत्या भाषेत होतो याची आहे.

मागच्या आठवड्यातले उदाहरण सांगतो. एका बाकावरील दोघांपैकी एकाला एस.टी.च्या वेळांचा तक्ता दिला, दुसऱ्याला भाड्याचा. एकमेकांचा कागद न पाहता, हातात असलेल्या ठरावीक पैशांत सकाळी अकराच्या आत पुण्याला पोहोचण्यासाठी कोणती गाडी धरावी, हे त्यांनी बोलून ठरवायचे होते. मुले अगदी रंगून गेली. "सातची चुकली तर साडेआठची हाय की, पण ती निमआराम, पैसं पुरायचं न्हाईत," असा बिनचूक विचार त्यांनी केला आणि माझ्यापर्यंत इंग्रजीत पोहोचले ते एवढेच: "सेव्हन ओक्लॉक बस, सर." मराठीला बंदी घातली की तीन-चार जण बोलतात आणि बाकीचे बाकाकडे पाहत बसतात. मराठी बोलणाऱ्याला उभे करावे, असे एका सहकाऱ्यांनी सुचवले. ते मला पटत नाही, कारण डोके तर मुलांनी योग्य दिशेनेच चालवले होते.

या पद्धतीचा उगम शोधताना इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांत चालवलेल्या प्रकल्पाची माहिती वाचली. भल्यामोठ्या, आपल्यासारख्याच वर्गांत त्यांनी गटकार्य जवळजवळ टाळलेच होते, हे वाचून मला आश्चर्य वाटले. आधी शिक्षकाने फळ्यापाशी उभे राहून संपूर्ण वर्गाला प्रश्न विचारत एक टास्क इंग्रजीतच सोडवून दाखवायचा, मग तसाच दुसरा प्रत्येकाने एकट्याने सोडवायचा, आणि किमान निम्म्या मुलांना निम्मा टास्क जमला तर तो योग्य पातळीचा समजायचा, अशी त्यांची रीत होती. याउलट याच पद्धतीवर लिहिणाऱ्या जेन विलिस यांच्या १९९६ सालच्या मांडणीत मुलांनी जोडीने किंवा गटाने टास्क करावा, नंतर निवेदनाची तयारी करून ते वर्गासमोर सादर करावे, आणि व्याकरणाकडे त्यानंतरच वळावे, असा क्रम आहे. विलिस यांचा क्रम मला अधिक पटतो, परंतु निवेदनाची तयारी सुरू होईपर्यंत माझी घंटा वाजलेली असते.

म्हणून ज्यांनी मराठी किंवा सेमी माध्यमाच्या आठवी ते दहावीच्या वर्गांत हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांना विचारतो. जोडीतील चर्चा मराठीत होऊ द्यावी आणि इंग्रजीचा आग्रह फक्त निवेदनापुरता धरावा, की प्रभूंप्रमाणे जोड्या सोडून संपूर्ण वर्गाशी संवाद साधावा? एक टास्क दोन दिवसांच्या तासिकांत विभागला तर दुसऱ्या दिवशी मुलांचा उत्साह टिकतो का? चर्चेसाठी लागणारी पाच-सहा वाक्ये आधीच फळ्यावर लिहून ठेवण्याचा प्रयोग मी एकदा केला, तेव्हा मुलांनी ती पाढ्यासारखी म्हणून दाखवली आणि गाडी कोणती धरायची हे ठरवलेच नाही, तेव्हा त्या उपायाबाबतही कोणाचा वेगळा अनुभव असल्यास जरूर लिहावे.

शिवाय पुढच्या वर्षी याच मुलांसमोर दहावीची ८० गुणांची कृतिपत्रिका असेल. पालकसभेत या परीक्षेचा प्रश्न हमखास येतो, त्यामुळे तिच्यातील लेखनाच्या कृतींशी असे टास्क कोणी जोडून घेतले असतील तर एखादा नमुना सविस्तर द्यावा, ही विनंती. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्याच आठवड्यात तो वर्गात करून पाहण्याचा माझा विचार आहे.